फर्ग्युसन : छोट्या शहराच्या सीमारेषा आणि दंडाच्या पावत्या

फर्ग्युसन म्हटले की मराठी वाचकाला पुण्यातले महाविद्यालय आठवते. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातील फर्ग्युसन शहराचा त्या नावाशी काही संबंध नाही. सेंट लुइस या मोठ्या शहराला लागून असलेल्या उपनगरी पट्ट्यातले हे एक लहान शहर आहे. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १८,५२७ आहे आणि क्षेत्रफळ जेमतेम १६ चौरस किलोमीटर.

९ ऑगस्ट २०१४ रोजी मायकेल ब्राउन हा १८ वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण येथे पोलिसाच्या गोळीबारात मरण पावला. त्यानंतर अनेक आठवडे निदर्शने झाली आणि या शहराचे नाव जगभर पोहोचले. अमेरिकेच्या न्याय विभागाने ४ मार्च २०१५ रोजी दोन अहवाल प्रसिद्ध केले. गोळी झाडणाऱ्या पोलिसावर संघराज्याच्या कायद्याखाली खटला भरण्याइतका पुरावा नाही, असे पहिल्या अहवालात म्हटले होते. दुसरा अहवाल फर्ग्युसनचे पोलीस खाते आणि नगर न्यायालय यांच्या कारभारावर होता. त्यातला एक आकडा चक्रावून टाकणारा होता. डिसेंबर २०१४ मध्ये या न्यायालयाने काढलेली अटक वॉरंटे १६ हजारांहून अधिक लोकांच्या नावावर प्रलंबित होती. शहराची लोकसंख्या त्या वेळी २१ हजारांच्या आसपास होती.

एवढ्याशा शहरात इतकी वॉरंटे कशी निघाली? याचे उत्तर केवळ पोलीस खात्यात सापडत नाही. ते शहराच्या नकाशात आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत बदललेल्या लोकसंख्येत आहे.

फर्ग्युसन नेमके कुठे आहे?

मिझुरी आणि मिसिसिपी या दोन महानद्यांचा संगम सेंट लुइसच्या उत्तरेला होतो. या नद्या आणि सेंट लुइस शहर यांच्या मधल्या उपनगरी पट्ट्याला स्थानिक लोक ‘नॉर्थ काउंटी’ म्हणतात. फर्ग्युसन याच पट्ट्यात, सेंट लुइसच्या मध्यवर्ती भागापासून १५ ते २० किलोमीटरवर आहे. त्याच्या उत्तरेकडून २७० क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग जातो आणि पश्चिमेला थोड्याच अंतरावर सेंट लुइसचा लँबर्ट विमानतळ आहे.

शहराचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पश्चिमेकडच्या जुन्या भागात रेल्वेमार्ग, साउथ फ्लोरिसंट रोडवरची जुनी बाजारपेठ, पोलीस ठाणे आणि झाडीत वसलेली स्वतंत्र घरे आहेत. पूर्वेकडे वेस्ट फ्लोरिसंट अव्हेन्यू हा वर्दळीचा रस्ता असून इमर्सन या मोठ्या उद्योगसमूहाचे मुख्यालय अनेक दशके तिथे होते. याच रस्त्याच्या परिसरात, शहराच्या आग्नेय कोपऱ्यात भाड्याच्या घरांची मोठी संकुले आहेत. मायकेल ब्राउनचा मृत्यू झाला ते कॅनफील्ड ग्रीन हे अशांपैकीच एक. हा कोपरा शहराच्या हद्दीत असला तरी जुन्या शहरापासून तुटलेलाच राहिला.

शहर वसले कसे?

विल्यम फर्ग्युसन नावाच्या जमीनमालकाने १८५५ मध्ये आपली दहा एकर जमीन रेल्वेला दिली. बदल्यात तिथे स्थानक उभारावे आणि त्याला आपले नाव द्यावे, अशी त्याची अट होती. त्यातून ‘फर्ग्युसन स्टेशन’ तयार झाले. सेंट लुइसमध्ये काम करून रोज रेल्वेने घरी परतता येईल, असे हे ठिकाण होते. १८९४ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. १९०० मध्ये तिथे सुमारे एक हजार लोक राहत होते.

खरी वाढ झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. मोटारी आल्या, महामार्ग आले आणि घरासाठी स्वस्त सरकारी हमीची कर्जे मिळू लागली. १९५० मध्ये ११,५७३ असलेली लोकसंख्या १९६० मध्ये २२,१४९ झाली. दहा वर्षांत शहर जवळपास दुप्पट झाले. १९७० मध्ये ती २८ हजारांच्या पुढे गेली. हा या शहराचा उच्चांक ठरला.

एकाच काउंटीत ९० शहरे कशी?

काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग. फर्ग्युसन सेंट लुइस काउंटीत येते, पण सेंट लुइस शहर मात्र या काउंटीत येत नाही. १८७६ मध्ये शहराने काउंटीपासून फारकत घेतली. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागासाठी आपण कर का भरावा, असा तेव्हाच्या शहरवासीयांचा प्रश्न होता. या निर्णयाने सेंट लुइसची हद्द कायमची गोठली. पुढे वस्ती त्या हद्दीबाहेर पसरली, तेव्हा शहराला ती सामावून घेता आली नाही.

बाहेरच्या वस्त्यांनी आपापली शहरे स्थापन केली. मिझुरीच्या कायद्यात नवे शहर स्थापन करणे फारसे अवघड नव्हते. शहर झाले की जमिनीच्या वापराचे नियम स्वतः ठरवता येत, कर आपल्यापुरता वापरता येई आणि शेजाऱ्याच्या अडचणी शेजाऱ्याकडेच राहत. २०१४ मध्ये सुमारे दहा लाख लोकसंख्येच्या या काउंटीत ९० शहरे होती. काहींची लोकसंख्या काही शेकड्यांत होती. त्यांच्यात मिळून ८१ नगर न्यायालये आणि पन्नासहून अधिक पोलीस खाती होती. काही रस्त्यांवर पाच-सहा किलोमीटरच्या अंतरात तीन-चार शहरांच्या हद्दी ओलांडाव्या लागत.

सीमारेषा कोणाला बाहेर ठेवत होत्या?

या सीमारेषांमागे केवळ कराचा हिशेब नव्हता. फर्ग्युसनच्या पश्चिमेला लागून असलेल्या किनलॉकचे उदाहरण पाहता येईल. तिथे कृष्णवर्णीयांना जमीन विकत घेता येत असे, त्यामुळे त्यांची मोठी वस्ती झाली. १९३७ मध्ये किनलॉक परिसरातल्या श्वेतवर्णीय रहिवाशांनी आपला भाग वेगळा करून बर्कली हे शहर स्थापन केले. शाळा वेगळ्या ठेवणे हे त्यामागचे प्रमुख कारण होते. उरलेले किनलॉक १९४८ मध्ये स्वतंत्र शहर झाले, पण त्याच्याकडे कर देणारे उद्योग जवळपास नव्हतेच.

१९६० च्या दशकात फर्ग्युसन आणि किनलॉक यांना जोडणाऱ्या रस्त्यावर अडथळे उभारलेले होते. ते हटवण्यासाठी १९६८ मध्ये आंदोलन झाले. शाळांचा प्रश्न १९७५ मध्ये सुटला, तोही न्यायालयाच्या आदेशाने. किनलॉक, बर्कली आणि फर्ग्युसन-फ्लोरिसंट हे तीन शालेय जिल्हे तेव्हा एकत्र केले गेले.

घरखरेदीतही हेच चालत होते. अनेक वस्त्यांतल्या खरेदीखतांत घर कृष्णवर्णीयांना विकू नये, अशी अट असे. सेंट लुइसमधल्या एका घरावरून झालेल्या ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये निकाल दिला की, अशा अटींची अंमलबजावणी न्यायालये करू शकत नाहीत. तरीही बिल्डर घरे नाकारत राहिले. ‘जोन्स विरुद्ध आल्फ्रेड मेयर कंपनी’ हा १९६८ चा गाजलेला खटला सेंट लुइस काउंटीतल्याच एका गृहप्रकल्पाबद्दल होता. त्यात खासगी विक्रेत्यांनाही वंशावरून घर नाकारता येणार नाही, हे स्पष्ट झाले. त्याच वर्षी गृहनिर्माणातील भेदभावाविरुद्ध संघराज्याचा कायदा आला.

नियम बदलले की नवी वाट शोधली जाई. नॉर्थ काउंटीतल्या ब्लॅक जॅक या वस्तीने १९७० मध्ये स्वतःला शहर म्हणून घोषित केले आणि लगेच अपार्टमेंट बांधण्यास मनाई केली, कारण तिथे मिश्र वंशाच्या कुटुंबांसाठी गृहप्रकल्प येणार होता. १९७४ मध्ये न्यायालयाने ही मनाई रद्द केली.

लोकसंख्या कशी बदलली?

१९७० मध्ये फर्ग्युसनचे जवळपास सर्व रहिवासी श्वेतवर्णीय होते. त्यानंतर शहरातल्या कृष्णवर्णीयांचे प्रमाण असे वाढले :

- १९८० : सुमारे १४ टक्के
- १९९० : सुमारे २५ टक्के
- २००० : सुमारे ५२ टक्के
- २०१० : सुमारे ६७ टक्के

म्हणजे एका पिढीच्या काळात शहराची घडण उलटली. याची कारणे अनेक आहेत. कारखाने बंद पडत गेल्याने सेंट लुइस शहर रिकामे होऊ लागले होते. १९५० मध्ये त्याची लोकसंख्या ८,५६,७९६ होती. २०२० मध्ये ती ३,०१,५७८ झाली, म्हणजे १८८० पेक्षाही कमी. चांगली शाळा आणि सुरक्षित वस्ती यांच्या शोधात कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडच्या उपनगरांत आली. किनलॉकमधली घरे विमानतळाच्या आवाजाचे कारण देऊन १९८० च्या दशकापासून विकत घेतली गेली. १९६० मध्ये साडेसहा हजार वस्तीचे ते गाव २०२० मध्ये २६३ लोकांवर आले. तिथून उठलेली काही कुटुंबे फर्ग्युसनच्या भाड्याच्या संकुलांत आली. याच काळात श्वेतवर्णीय कुटुंबे आणखी पश्चिमेला, दूरच्या उपनगरांत निघून गेली.

येणाऱ्यांपेक्षा जाणारे अधिक होते. त्यामुळे १९७० ते २०२० या काळात शहराची लोकसंख्या सुमारे एक तृतीयांशाने घटली. २००८ च्या आर्थिक संकटात घरांच्या किमती कोसळल्या आणि त्याचा मोठा फटका अशाच उपनगरांना बसला. २००० मध्ये पाच टक्क्यांहून कमी असलेली बेरोजगारी २०१०-१२ च्या सुमारास १३ टक्क्यांच्या वर गेली. गरिबांची संख्या दुप्पट झाली. दर चार रहिवाशांपैकी एक जण दारिद्र्यरेषेखाली होता.

शहर दंडाकडे का वळले?

शहराला रस्ते, पोलीस, अग्निशमन दल, न्यायालय हे सर्व चालवायचे असते. लोकसंख्या घटली म्हणून हा खर्च त्याच प्रमाणात घटत नाही. उत्पन्नाचे दोन मुख्य मार्ग म्हणजे मालमत्ता कर आणि विक्रीकर. घरांच्या किमती पडल्या की मालमत्ता कर आक्रसतो. मोठी दुकाने शेजारच्या शहरात गेली की विक्रीकर जातो. मिझुरीच्या राज्यघटनेत १९८० मध्ये झालेल्या ‘हॅन्कॉक दुरुस्ती’मुळे मतदारांच्या मंजुरीशिवाय कर वाढवता येत नाहीत. दंड वाढवायला मात्र मतदान घ्यावे लागत नाही.

न्याय विभागाच्या अहवालातले आकडे असे आहेत. २०१० च्या आर्थिक वर्षात शहराचे उत्पन्न १ कोटी १० लाख डॉलरच्या आसपास होते. त्यात दंड आणि न्यायालयीन शुल्काचा वाटा १३ लाख ८० हजार डॉलर, म्हणजे सुमारे आठवा हिस्सा होता. २०१५ च्या अंदाजपत्रकात एकूण १ कोटी ३२ लाख ६० हजार डॉलरपैकी ३० लाख ९० हजार डॉलर दंडातून येतील, असे धरले होते. म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. पावत्या वाढल्या नाहीत तर वसुली वाढणार नाही, असे वित्त विभागाने पोलीसप्रमुखांना ईमेलने कळवल्याचेही अहवालात नमूद आहे.

दंड कशाकशाचा? वेग मर्यादा आणि वाहन विमा तर होतेच. अंगणातले गवत वाढणे आणि रस्त्यातून चालणे हेही गुन्हे होते. २०१२ ते २०१४ या काळात शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय ६७ टक्के होते, पण अडवलेल्या वाहनांत त्यांचे प्रमाण ८५ टक्के, पावत्यांत ९० टक्के आणि अटकेत ९३ टक्के होते. ‘रस्त्यातून चालण्या’च्या गुन्ह्यात तर ते ९५ टक्के होते. मायकेल ब्राउन आणि त्याच्या मित्राला पोलिसाने सर्वप्रथम हटकले, ते रस्त्याच्या मधून चालत असल्यामुळेच.

एका पावतीचे वॉरंट कसे होते?

अहवालात एका कृष्णवर्णीय महिलेचे प्रकरण आहे. २००७ मध्ये तिने एकदा गाडी चुकीच्या जागी उभी केली. त्याबद्दल दोन पावत्या आणि १५१ डॉलर दंड, वर शुल्क. तिची परिस्थिती हलाखीची होती आणि काही काळ तिला राहायला घरही नव्हते. तारखेला हजर न राहिल्याचे किंवा हप्ता चुकल्याचे नवे गुन्हे जोडले जात गेले, प्रत्येकाचा वेगळा दंड लागला. या एका प्रकरणात तिला दोनदा अटक झाली आणि सहा दिवस कोठडीत काढावे लागले. २०१४ च्या अखेरीपर्यंत तिने ५५० डॉलर भरले होते आणि तरीही ५४१ डॉलर देणे बाकी होते.

वॉरंटांचा मोठा आकडा इथे उलगडतो. दंडाची रक्कम एकदम भरू शकणारा माणूस पावती भरून मोकळा होतो. न भरू शकणाऱ्यासाठी तीच पावती अटकेपर्यंत पोहोचते. शिवाय वॉरंट असलेले सर्व लोक फर्ग्युसनचे नव्हते. कामावर जाता-येता शहराची हद्द ओलांडणारे शेजारच्या शहरांतले लोकही त्यात होते. गाडीची नोंदणी संपलेल्या माणसाला एका प्रवासात दोन-तीन शहरांचे पोलीस अडवू शकत, आणि प्रत्येक शहराचे न्यायालय व तारीख वेगळी. सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी असल्याने गाडी घरी ठेवणेही परवडत नसे.

लोकसंख्या बदलली, मग सत्ता का बदलली नाही?

२०१४ मध्ये शहराचे महापौर श्वेतवर्णीय होते. सहा नगरसेवकांपैकी एकच कृष्णवर्णीय होता. पन्नासहून अधिक पोलिसांत कृष्णवर्णीय जेमतेम तीन-चार होते.

याचे एक कारण निवडणुकीच्या वेळापत्रकात आहे. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नोव्हेंबरमध्ये होते, तर इथली नगर निवडणूक एप्रिलमध्ये. एप्रिल २०१३ मध्ये जेमतेम १२ टक्के मतदान झाले. अशा वेळी मतदानाला येतात ते प्रामुख्याने वर्षानुवर्षे शहरात राहणारे, घरमालक आणि वयस्कर लोक. नव्याने आलेली कुटुंबे तुलनेने तरुण, भाडेकरू आणि वारंवार घर बदलणारी होती. मतदारांचे वय आणि घराची मालकी यांतला हा फरक लोकसंख्येच्या टक्केवारीत दिसत नाही.

२०१४ नंतर काय बदलले?

एप्रिल २०१५ च्या निवडणुकीत मतदान ३० टक्क्यांच्या आसपास गेले आणि सहापैकी तीन नगरसेवक कृष्णवर्णीय झाले. ऑगस्ट २०१५ मध्ये नव्या नगर न्यायाधीशांनी २०१४ अखेरपर्यंतची जुनी वॉरंटे मागे घेतली. राज्याने कायदा करून शहरांना वाहतूक दंडातून मिळवता येणाऱ्या उत्पन्नाची मर्यादा ३० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. सेंट लुइस काउंटीतल्या शहरांसाठी ती साडेबारा टक्के ठेवली होती, पण २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेद रद्द केला. एप्रिल २०१६ मध्ये पोलीस आणि न्यायालय सुधारणेसाठी शहर आणि न्याय विभाग यांच्यात न्यायालयाच्या देखरेखीखाली करार झाला. २ जून २०२० रोजी एला जोन्स महापौरपदी निवडून आल्या. या शहराच्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय आणि पहिल्या महिला महापौर.

पैशाचा प्रश्न मात्र राहिला. दंडाचे उत्पन्न आटले आणि सुधारणांचा खर्च वाढला. एप्रिल २०१६ मध्ये शहराने मतदारांपुढे दोन करवाढी ठेवल्या. विक्रीकराची वाढ मंजूर झाली, मालमत्ता कराची वाढ फेटाळली गेली. विक्रीकर सर्वांना सारखाच लागतो, त्यामुळे त्याचा भार गरिबाला अधिक जाणवतो.

सगळी शहरे एकत्र का करत नाहीत?

हा उपाय वरकरणी सोपा वाटतो. सेंट लुइस शहर आणि काउंटी एकत्र करण्याचा मोठा प्रस्ताव २०१९ मध्ये आला, पण काही महिन्यांतच मागे घेतला गेला. त्याला विरोध करणाऱ्यांत श्रीमंत उपनगरे होतीच, पण नॉर्थ काउंटीतले अनेक कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधीही होते. दीर्घकाळ वाट पाहून आपल्या हाती आलेली शहरे मोठ्या शहरात विरघळली, तर पुन्हा आपला आवाज लहान होईल, ही त्यांची भीती होती. काही अगदी छोटी शहरे शेजाऱ्यात विलीन झाली, पण काउंटीत आजही ऐंशीहून अधिक शहरे आहेत.

फर्ग्युसनची पेच अशी आहे. एकेकाळी ज्या सीमारेषा कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवत होत्या, त्याच आज त्यांना स्वतःचा महापौर आणि नगरसेवक निवडण्याची संधी देतात. पण त्याच रेषांच्या आत घटती लोकसंख्या, जुनी घरे आणि तोकडा करही अडकून पडला आहे. वॉरंटे मागे घेता आली, पोलीस बदलता आले. सोळा चौरस किलोमीटरच्या आतून सगळा खर्च कसा भागवायचा, हे मात्र इथल्या प्रत्येक नव्या नगर परिषदेला ठरवावे लागते.